एर्मेकची बॅटरी

काराकोल, ३ सप्टेंबर

प्रिय झेनिश,

आई म्हणतात, पत्रात आधी सगळे सुखरूप आहेत ते लिही, नाहीतर लांबच्या माणसाचा जीव टांगणीला लागतो. तर सगळे सुखरूप. मीरिम दुसरीत गेली. आईंचा गुडघा तसाच आहे. आणि गाडी चालू झाली.

हो, तीच. जाताना तू म्हणाला होतास ना, ‘या डब्यात आता कोंबड्या पाळ’, तीच आपली विजेची गाडी. तिचं बाकी काहीच बिघडलेलं नव्हतं रे, फक्त बॅटरी म्हातारी झाली होती. बाजारापर्यंत गेलं की परत येताना धाप लागायची. नवी घ्यायची तर गाडीच्या किमतीच्या दुप्पट पैसे, म्हणून तू नाद सोडलास. मी सोडला नाही.

गुरांच्या बाजारामागे एक जण बॅटऱ्या भाड्याने देतो. ठोकलेल्या गाड्यांमधल्या, पण आतून धडधाकट. गाडी आपली, बॅटरी त्याची. महिन्याला सहा हजार सोम. ती थकली की तो काढून नेणार आणि दुसरी बसवणार. आपल्या डोक्याला ताप नाही.

मी आता टॅक्सी चालवते! सकाळी दवाखान्यातल्या नर्सबायका, दुपारी अक-सूच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाणारे. पेट्रोलवाले ड्रायव्हर आधी हसत होते. आता माझ्या शेजारी गाडी लावत नाहीत, गिऱ्हाईक पळतं म्हणून. पहिल्याच आठवड्यात भाडं सुटलं. मीरिमला बूट घेतले, आईंना गुडघ्याचा पट्टा. तू पाठवलेल्या पैशांना हातही लावला नाही.

तिकडे मोबाइल लागत नाही हे एका परीने बरंच आहे. फोनवर हे सगळं सांगायला लागले असते तर तू मध्येच ओरडला असतास.

तुझी,
साइकाल

खाण-छावणी, याकुतिया, २६ सप्टेंबर

साइकाल,

तुझं पत्र कालच्या ट्रकने आलं. दोनदा वाचलं. शाबास. माझ्या पैशांना हातही लावला नाहीस हे वाचून तर फारच आनंद झाला. मग मी इथे गोठलेली जमीन कशासाठी फोडतोय, तेही पुढच्या पत्रात कळव.

एक गोष्ट समजली नाही. गाडी आपली, बॅटरी त्याची. आमच्याकडे कुझ्मिच म्हणून म्हातारा इलेक्ट्रिशियन आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, अशा गाडीत बॅटरी काढली तर उरतं काय? चार चाकं आणि खुर्च्या. म्हणजे माझी बायको दिवसभर परक्याच्या गाडीत फिरते, आणि खुर्च्या तेवढ्या माझ्या.

आणि सहा हजार? कुझ्मिच म्हणतो, फार स्वस्त आहे. इतक्या स्वस्तात कोण देतं? आणि बाईमाणसाला कोण देतं?

‘एक जण’ म्हणजे कोण? नाव लिहायला शाई संपली होती का?

इथे बर्फ सुरू झालाय. आमच्या खाणावळीतली तोन्या आहे, तिने मला लोकरीचे हातमोजे विणून दिलेत, त्यामुळे बरं चाललंय.

झेनिश

काराकोल, १८ ऑक्टोबर

प्रिय झेनिश,

तोन्याला माझा नमस्कार सांग. तिच्याकडे लोकर बरीच दिसते.

नाव हवंय? एर्मेक. झालं समाधान? आता स्वस्तातलं कोडंही सोडवते, म्हणजे कुझ्मिचलाही झोप लागेल.

मलाही आधी कळलं नव्हतं. परवा शेडवर गेले तर जेती-ओगुझची एक मेंढपाळीण घोड्यावरून लाकडी खोकं घेऊन आलेली. कुरणावरून सगळे खाली उतरलेत ना आता. त्या खोक्यात काय असावं? गाडीची जुनी बॅटरी! गाडीला ओढायचा दम तिच्यात राहिला नाही, की एर्मेक ती उघडतो, त्यातले चांगले कप्पे वेगळे काढतो, खोक्यात जोडतो आणि उन्हाळाभर कुरणावर भाड्याने देतो. दिवसा सोलरच्या पत्र्यावर ती भरते, संध्याकाळी तंबूत दिवे, साय काढायचं यंत्र. बाई म्हणाली, “गेल्या वर्षी हाताने यंत्र फिरवून खांदा गेला होता. या वर्षी मी बसून चहा प्यायले.” आणि कुरणावरची पाच-सहा वर्षं संपली की उरलेला धातू चिनी व्यापारी किलोवर नेतो.

म्हणजे आलं का लक्षात? त्याला एकाच बॅटरीचे तीनदा पैसे मिळतात. मग पहिल्या वेळी थोडे कमी घेतले तर त्याचं काय जातं? हा हिशोब आहे झेनिश, दुसरं काही नाही.

महिन्यातून एकदा तो यंत्र लावून बॅटरीची ताकद बघतो. आपल्या दारातच, आईंच्या देखत. चहासुद्धा उभ्यानेच पितो.

आईंना आता दवाखान्यात पायी जावं लागत नाही. पुढच्या सीटवर ऐटीत बसतात आणि ओळखीचं कोणी दिसलं की मला गाडी हळू करायला लावतात.

साइकाल

खाण-छावणी, ९ नोव्हेंबर

साइकाल,

आईचं पत्र आलं. शेजारणीकडून लिहून घेतलेलं. ‘सून फार कष्ट करते’ असं अर्धं पान, आणि मग तळाशी: ‘बॅटरीवाला म्हणजे अक-सूचा एर्मेक, ज्याच्या घरच्यांनी आपल्या साइकालला मागणी घातली होती तो. तुला माहीत असेलच.’

मला माहीत नव्हतं. दहा वर्षांच्या संसारात तू कधी बोलली नाहीस. त्याचं नाव लिहिलंस ते जणू तो कोणी पाववाला आहे असं.

तीनदा पैसे, कुरणावरचं खोकं, साय काढायचं यंत्र! केवढी गोष्ट रचून सांगितलीस, आणि मी ती खाणावळीत सगळ्यांना कौतुकाने वाचून दाखवली. आता ती आठवली की कानशिलं तापतात. दर महिन्याला तो येतो, वाकतो, माझ्या गाडीच्या पोटात काय चाललंय ते बघतो. उभ्याने चहा पितो म्हणे! बसून प्यायला असता तर बरं होतं. बसणाऱ्याच्या मनात काही नसतं.

बॅटरी परत कर. याच आठवड्यात. गाडीत कोंबड्या पाळ.

झेनिश

काराकोल, ३० नोव्हेंबर

झेनिशसाहेब,

तुम्ही मालकासारखं लिहिलंत, म्हणून मीही मालकाला लिहावं तसंच लिहिते.

मागणी आली होती. मी एकोणीस वर्षांची होते. माझ्या वडिलांनी आलेल्या लोकांना चहा पाजला, तळलेले बोर्सोक वाढले आणि मुलाचा बाप दारू पितो म्हणून नाही म्हणाले. मी मागच्या खोलीत गालिचा झटकत होते. मला कोणी विचारलं नाही, आणि मी रडलेही नाही. एवढीच गोष्ट आहे. पुढे दोन वर्षांनी तुम्ही आलात. तेव्हा मात्र मला विचारलं गेलं, आणि मी हो म्हणाले. हे तुम्ही विसरलात वाटतं.

का सांगितलं नाही? तुम्ही आत्ता जे करताय ते कराल म्हणून.

बॅटरी परत करणार नाही. थंडी शून्याखाली वीस आहे. जुन्या बॅटरीवर हीटर लावला तर गाडी शाळेच्या चौकात मरते. तुम्ही तिकडून हुकूम सोडता, इकडे गुडघा आईंचा आहे आणि गिऱ्हाईक माझं.

आणि हातमोजे कोणाच्या हातचे, ते कोणत्या मापाचे, बोटं मोजताना किती वेळ लागला, हे मी विचारलं का? विचारलं नाही. मनात मात्र रोज उसवते ते हातमोजे, टाका टाका करून.

साइकाल

खाण-छावणी, २२ डिसेंबर

साइकाल,

‘साहेब’ वाचून जेवण गेलं नाही.

कुझ्मिचने सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर सगळा हिशोब मांडला. ठोकलेल्या गाडीची बॅटरी कितीला पडते, काराकोलच्या थंडीत किती वर्षं टिकेल, मग कुरणावर किती, भंगारात किती. तो म्हणतो, तुझी बायको खोटं बोलत नाही, धंदा असाच चालतो. सहा हजार म्हणजे माणूस हावरट नाही इतकंच.

मी गाढव आहे. इथे काम संपलं की करायला काही नसतं, डोकं आपलं आपण रवंथ करत बसतं. पुरुष घरापासून लांब असला की त्याला प्रत्येक बाप्या देखणा वाटतो.

तोन्या साठीची आहे. अख्ख्या छावणीला हातमोजे विकते. मी पैसे देऊन घेतले. ‘विणून दिले’ असं मुद्दाम लिहिलं. तुला टोचावं म्हणून.

बॅटरी ठेव. एर्मेकला माझा सलाम सांग. खरंच सांग.

तुझा झेनिश

काराकोल, १२ जानेवारी

झेनिश,

तुझं पत्र हातात घेऊन बसले आहे आणि सुचत नाहीये. तुझा सलाम मी त्याला सांगितला नाही. का, ते वाच.

गेल्या आठवड्यात मी आणि दामिराताई बाजारात आशल्यान-फूच्या तिखट शेवया खात होतो. दामिराताई म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी टॅक्सीवाली, तिचीही बॅटरी एर्मेकचीच. ती कुरकुरत होती, “थंडीत फेऱ्या कमी, आणि भाड्याचे नऊ हजार काही कमी होत नाहीत.”

मी म्हटलं, “नऊ? सहा ना?”

तिचा चमचा हवेतच राहिला. “सगळ्यांना नऊ आहेत,” म्हणाली. मग माझ्याकडे असं बघितलं की तिखटाने नाही, त्या बघण्याने माझे कान लाल झाले.

तशीच शेडवर गेले. तो एका गाडीखाली होता. मी म्हटलं, “बाहेर ये.” आला. “दामिराला नऊ, मला सहा. का?”

“तुझी गाडी हलकी आहे.”

“तिची आणि माझी गाडी एकच आहे. रंगसुद्धा.”

तो केबल गुंडाळायला लागला. म्हणाला, “पहिल्या दिवशी तू भाव विचारलास. तोंडातून सहा निघालं. मग बदलता येईना.”

“का निघालं?”

“साइकाल, सगळं विचारायचं नसतं.”

मी म्हटलं, “या महिन्यापासून नऊ घे.” तर म्हणतो, “तुझ्याकडून नऊ नाही घेणार.” मी म्हटलं, “मग काढ तुझी बॅटरी.” त्याला वाटलं मी रागाने बोलतेय, थोड्या वेळात शांत होईन. मी गाडी आणून लिफ्टवर उभी केली. त्याने स्वतःच्या हाताने काढली. आपली म्हातारी परत बसवली.

म्हणजे तू बरोबर होतास. मी तुला हिशोब शिकवत होते आणि तो हिशोब माझ्याच बाबतीत खोटा होता.

इथे पत्र संपवता आलं असतं. पण अजून एक आहे. दामिराताईने नऊचा आकडा सांगितला तेव्हा आधी लाज वाटली, हे खरं. पण शेडवर जाताना लाल दिव्यापाशी थांबले, तेव्हा मी गाडीच्या आरशात स्वतःकडे बघितलं. टोपी सरळ केली. बारा वर्षांनंतरही कोणाच्या तोंडून चुकून सहा निघतं, याचं बरं वाटलं. दिवा हिरवा होईपर्यंत. मग नाही.

हे लिहू नये असं कळतंय. तरी लिहिते. तू माफी मागितली नसतीस तर कदाचित लिहिलं नसतं.

आता गावातल्या गावात फेऱ्या मारते, हीटर बंद, मांडीवर घोंगडं. अक-सूचं गिऱ्हाईक दामिराताईकडे गेलं. आई काठी घेऊन बर्फातून दवाखान्यात जातात.

साइकाल

खाण-छावणी, २० फेब्रुवारी

साइकाल,

मधले दोन ट्रक रिकाम्या हातांनी जाऊ दिले. काय लिहू तेच कळत नव्हतं.

एर्मेकचा राग यायला हवा होता. आला नाही. बॅटरी काढून दिलीस तेव्हा त्याचं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतं, आणि दयाच येते. मला राग आला तो त्या आरशाचा. त्या लाल दिव्याचा. काराकोलमध्ये दिवे मुळी आहेतच किती, आणि तू नेमकी लाल दिव्यापाशी थांबतेस! मी समोर असताना तू टोपी सरळ केल्याचं मला आठवत नाही. मग वाटतं, मी समोर असतोच कधी.

सपार रजेवर येतोय, आपल्याच गल्लीतला. त्याच्याकडे माझे साठवलेले पैसे दिलेत. छपरासाठी होते. छप्पर राहू दे. चांगली बॅटरी विकत घे. त्याचीच घे, पण विकत घे. पूर्ण दाम मोजून, पावती घेऊन. आपल्या गाडीत दुसऱ्या कोणाचं काही असायला नको. एक स्क्रूसुद्धा.

झेनिश

काराकोल, १४ मार्च

झेनिश,

सपारने पैसे दिले. बॅटरी विकत घेणार नाही. हा हिशोब तरी खरा आहे, ऐक. ती काराकोलच्या प्रत्येक थंडीत थोडी थोडी मरते. विकत घेतली की तिचं म्हातारपण आपल्या घरात. भाड्याने घेतली की म्हातारपण ज्याचं त्याच्याकडे.

हे मी आईंना समजावत होते, तर त्या म्हणाल्या, “म्हातारपणाचं काय बोलणं चाललंय माझ्यासमोर?” आणि डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडल्या. मला वाटलं रुसल्या. त्या गेल्या थेट एर्मेकच्या शेडवर. बर्फातून, काठी टेकत. तिथे जे झालं ते दामिराताईने पाहिलं.

आई म्हणाल्या, “बॅटरी मला हवीय. करार माझ्या नावाने कर. भाडं नऊ हजार.”

एर्मेक म्हणाला, “आजी, तुमच्याकडून मी...”

“एक सोम कमी घेतलास तर तुझ्या आईच्या दारात जाऊन बसेन. ती मला ओळखते.”

“बरं, नऊ.”

“आणि दर महिन्याला तपासायला तू येऊ नकोस. मी गाडी घेऊन येईन. सून चालवेल, मी पुढे बसेन.”

मग सही केली आणि विचारलं म्हणे, “चहा नाही का या शेडमध्ये? मी बसून पिते.”

घरी येऊन म्हणाल्या, “ते पत्र शेजारणीकडून मीच लिहून घेतलं होतं. आगही मीच लावली, मग विझवायला दुसरं कोण जाणार?” आणि गुडघ्याला तेल लाव म्हणाल्या.

तर बॅटरी पुन्हा बसली आहे. एर्मेकची आहे, आईंच्या नावावर आहे, भाडं सगळ्यांना आहे तेवढंच. आता तुला कोणाचा मत्सर करायचाय तो कर.

उरले तुझे पैसे. वर्षातले अकरा महिने तू खाणीचा, एक महिना आमचा. आपल्या घरात बॅटरीपेक्षा तूच जास्त भाड्याने गेलेला आहेस. पैसे सपारसोबत परत पाठवते. तिकीट काढ. समोर ये, म्हणजे टोपी सरळ करायला मला आरसा लागणार नाही.

साइकाल

काराकोल, २ जुलै

प्रिय झेनिश,

तू गेलास त्याला दोन महिने झाले. सगळे सुखरूप. मीरिम अजून तुझ्या जागेवर ताट मांडते.

एप्रिलमधलं एक सांगायचं राहिलं. तू ‘दोन शब्द बोलून येतो’ म्हणून एर्मेकच्या शेडमध्ये गेलास, तेव्हा मी गाडीत बसले होते. आता हाणामारी होते की काय म्हणून स्टिअरिंग धरून ठेवलेलं. अर्धा तास झाला. उतरून फटीतून बघितलं, तर तुम्ही दोघं जमिनीवर उकिडवे, मध्ये उघडी बॅटरी, आणि तू त्याला खाणीतल्या मशीनचं काहीतरी समजावतोयस. तो मान डोलावतोय. माझं नावही नाही तोंडात! मी परत गाडीत जाऊन बसले आणि सांगते तुला, त्या बॅटरीचा मला इतका राग आला.

आता बातमी. एर्मेक लग्न करतोय. ती खोकंवाली मेंढपाळीण आठवते? शारिपा. विधवा आहे, जेती-ओगुझची. मीच तिला खोक्यासकट कुरणाच्या पायथ्याशी सोडलं. वाटेत सहज विचारलं, “उन्हाळ्याचं भाडं किती घेतो?”

ती हसली. “भाडं? मी विचारलं तर म्हणाला, घोडीच्या दुधाचं कुमिस पाठव.”

झेनिश, फुकट! मला सहा हजार, आणि हिला फुकट! मला काय त्याचं, मी नऊ भरते आणि ताठ मानेने भरते. बाईही चांगली आहे. पण दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाला चुकीच्या गल्लीत सोडलं.

कोणाला सांगणार? दामिराताई हसेल. म्हणून तुलाच लिहिलं.

तुझी,
साइकाल

खाण-छावणी, २५ जुलै

प्रिय साइकाल,

सप्टेंबरात करार संपतो. नव्या करारावर मी सही केलेली नाही. आईला सांग. एर्मेकने शेडमध्ये कामाचं विचारलं होतं. करेन की नाही, आल्यावर ठरवू. तुला विचारून.

तुझं ‘फुकट’ वाचून इतका हसलो की शेजारच्या खोलीतून कुझ्मिच धावत आला. त्याला वाचून दाखवलं, तोही डोळे पुसायला लागला. हसून हसून पोट दुखलं.

मग कुझ्मिच गेला आणि मी पत्र पुन्हा वाचलं. ‘दिवसभर कशात लक्ष लागलं नाही’ असं लिहिलंयस. पोट अजून दुखतंय, पण आता हसल्यामुळे नाही.

तुझा,
झेनिश